नुसतं कॅथलिक

९ जानेवारी, मंगळवार

आज एक मृत्युपत्र अनुवादाला आलं. चार पानं, अकरा कलमं, सगळं इंग्रजीत आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कॅपिटलमध्ये टाइप केलेलं. डॉक्टरीणबाईंना शेवटी दिसत नव्हतं म्हणे, म्हणून सगळंच मोठं.

त्यांना मी ओळखत होते. निम्म्या शहराची बाळंतपणं त्यांनी केली, माझ्या लेकीच्या वेळीही त्याच होत्या. लग्न केलं नाही. टेकडीच्या रस्त्याला दुमजली घर होतं, आणि ज्या बाईला कुठेच थारा नाही ती तिथे जायची. बाई गेल्या वर्षी वारल्या. घरात आता सात बायका राहतात आणि आठवी डॉक्टरीणबाईंची जुनी सुईण. पुतण्या म्हणतो घर माझं. त्यावरून दावा.

कोर्टाचं काम मराठीत चालतं, त्यामुळे इंग्रजी कागद आधी आमच्या खोलीत येतो. रेकॉर्डरूमच्या मागची खोली, तीन टेबलं, एक पंखा, आणि तो फिरतो मोठ्या साहेबांपुरता. न्यायाधीश मूळ कागद बघतात का? बघतात, म्हणजे उलटतात. वाचतात ते आमचं.

दुपारी पुतण्याचे वकील स्वतः वर आले. एरवी वकील कारकुनाला पिटाळतात. म्हणाले, "बाई, तुमचा अनुवाद वाचताना वाटतं मूळच मराठीत लिहिलंय." अठ्ठावीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. मोठ्या साहेबांनी मान वर करून पाहिलं. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग कागदावर बोट ठेवून सहज म्हणाले, "हे रोमन कॅथलिक, रोमन कॅथलिक दोनदा येतं. मराठीत कानाला जड वाटतं, नाही? कॅथलिक म्हटलं की कळतंच. अर्थात जाणकार तुम्ही. तुम्हीच ठरवा."

पटलं मला. पाण्याला ओलं पाणी कोण म्हणतं?

१२ जानेवारी, शुक्रवार

अनुवाद दिला. एकही खाडाखोड नाही. मोठे साहेब सही करताना वाचत नाहीत, तसंच आजही वाचलं नाही.

संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन. त्यांच्या ऑफिसात एक ज्युनियर हवी आहे, तुमची मुलगी वकिली शिकलीय असं ऐकलं. लेक दीड वर्ष अर्ज करून दमलीय. बोलाफुलाला गाठ पडली म्हणायची. सोमवारी तिला बोलावलंय.

५ फेब्रुवारी, सोमवार

लेकीला तिथे तीन आठवडे झाले. फायली लावते, तारखा घेते. काळा कोट घालून निघाली की मी दारात उभी राहून बघते. तिला ते आवडत नाही.

आज मृत्युपत्राच्या दाव्यात शेवटचा युक्तिवाद झाला. बायकांचा वकील सरकारने दिलेला, एका दिवशी चार कोर्टांत पळणारा. त्याला घाम पुसायलाही फुरसत नाही, तो इंग्रजी कागद कधी वाचणार? सातव्या कलमात लिहिलंय की घर 'कॅथलिक उपयोगासाठी' ठेवावं. वकीलसाहेबांचं म्हणणं असं की या बायकांत कॅथलिक एकही नाही, चर्चने घर मागितलेलं नाही, म्हणजे कलम फोल आणि घर वारसाचं.

चहाच्या वेळेला सुईणबाई वर आमच्या खोलीत आली. ऐंशीच्या पुढची, गुडघे धरून दोन मजले चढलेली. कोणी सांगितलं कोण जाणे, पण थेट माझ्याच टेबलाशी आली.

"ते कागद तू लिहिलेस?"

"मी लिहिले नाहीत. मराठीत आणले."

"मग सांग, कॅथलिक म्हणजे काय? कोर्टात सगळे तेच म्हणत होते."

"तो एक पंथ आहे आजी. ख्रिश्चनांतला."

"डॉक्टरीण तर म्हणायची घर सगळ्यांचं आहे. मी चाळीस वर्षं ऐकलंय. मेल्यावर पंथाचं कसं झालं?"

मी म्हटलं, शब्दाचा अर्थ कोर्ट ठरवतं. तिने कपाटातल्या कोशांकडे पाहिलं. मग म्हणाली, "एवढी पुस्तकं ठेवलीत, ती कशाला मग?" आणि निघाली. उतरायला तिला चढण्याहून जास्त वेळ लागला.

७ फेब्रुवारी, बुधवार

तिचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत मोठा कोश काढला. कॅथलिक. मूळ ग्रीक. काता म्हणजे 'च्या अनुसार', होलोस म्हणजे अख्खं. अख्ख्याला धरून असलेलं, सगळ्यांना लागू होणारं. पंथाचं नाव नंतर पडलं. इंग्रजीत अजून दोन्ही चालतात, फरक पहिल्या अक्षराचा. कॅपिटल सी असला तर पंथ, लहान सी असला तर सर्वांचं, सर्वसमावेशक.

आणि बाईंनी सगळंच कॅपिटलमध्ये टाइप केलेलं. शिवाय आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाहीच. राजा असो की रखवालदार, सगळ्यांचा 'क' एकाच मापाचा.

पण असं बघायला गेलं तर प्रत्येक शब्दाच्या पोटात काहीतरी निघतं. चर्चच्या मोठ्या धर्माधिकाऱ्याला कार्डिनल म्हणतात, तो शब्द मुळात दाराच्या बिजागरीचा. म्हणून कोणी कार्डिनलला तेल घालत नाही. कोश ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

निकाल लागला. घर पुतण्याचं. अपिलाला तीस दिवस, घर रिकामं करायला पंचेचाळीस.

निकालपत्र वाचलं. सहाव्या पानावर माझा अनुवाद जसाच्या तसा उतरवलाय. न्यायाधीशांनी लिहिलंय: 'मृत्युपत्रात कॅथलिक हा शब्द तीन ठिकाणी आला आहे. पहिल्या दोन ठिकाणी तो निःसंशय पंथवाचक आहे. तोच शब्द तिसऱ्या ठिकाणी वेगळ्या अर्थाने घेण्यास आधार नाही.' भाषा स्वच्छ, तर्क चोख. वकीलसाहेबांनी जिन्यात हात जोडले. "यातलं निम्मं श्रेय तुमचं."

आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये गेले. कशाला गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. म्हातारे फादर मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. मी कोर्टातून आले म्हटल्यावर हसले. "उशीर केलात. दावा चालू असताना मला विचारायला कोणी आलंच नाही."

त्यांनी खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसले. डॉक्टरीणबाई जन्माने त्यांच्यातल्या, पण तिशीनंतर चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. आधीच्या फादरांनी एका कुमारी मातेला दारातून परत पाठवलं, त्यावरून भांडण. "माझ्याशी मात्र पटायचं. बुद्धिबळ खेळायला यायची आणि चिडवायची. फादर, तुमचं रोमन कॅथलिक, माझं नुसतं कॅथलिक."

"म्हणजे काय?"

"आमच्या नावातच गंमत आहे बघा. कॅथलिक म्हणजे अख्ख्या जगाचं आणि रोमन म्हणजे एका शहराचं. ती म्हणायची, शहर तुम्हाला ठेवा, जग माझ्याकडे द्या." मग म्हणाले, "आमच्यात फॉर्म भरताना कोणी नुसतं कॅथलिक लिहीत नाही, रोमन कॅथलिक लिहितात. तिने दफनाबद्दल काही लिहिलं होतं ना? तिथे काय शब्द आहे?"

मी आठवून म्हटलं, "रोमन कॅथलिक दफनभूमीत पुरू नये."

"आणि घराबद्दल?"

मी उठले. चहाही घेतला नाही. घरी चालत आले, बस समोरून गेली तरी.

२६ फेब्रुवारी, सोमवार

मूळ कागद काढून माझ्या अनुवादाशेजारी ठेवला.

दुसरं कलम. मूळ: रोमन कॅथलिक दफनभूमी. माझं: कॅथलिक दफनभूमी.

चौथं कलम. मूळ: पियानो रोमन कॅथलिक शाळेला. माझं: कॅथलिक शाळेला.

सातवं. मूळ: घर कॅथलिक उपयोगासाठी. माझं: घर कॅथलिक उपयोगासाठी.

बाईंनी दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या तऱ्हेने लिहिल्या होत्या. मी त्या एक केल्या. न्यायाधीशांचा तर्क बरोबर होता, मी त्यांच्या हातात दिलेला कागद चुकीचा होता. कानाला जड वाटतं म्हणून.

हे सगळ्यांत फक्त मला दिसू शकत होतं. न्यायाधीश वाचणार मराठी, बायकांचा वकील तेही धावता धावता. आणि वकीलसाहेब तरी काय, त्यांना इंग्रजी येतं, पण त्यांचं लक्ष कायद्याकडे. शब्दाकडे लक्ष देणं हे माझं काम.

१ मार्च, गुरुवार

मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

"सही माझी आहे त्यावर."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय. शुद्धिपत्र देऊ."

"निकालानंतर शुद्धिपत्र म्हणजे वरातीमागून घोडं. चौकशी लागेल. मला आठ महिने राहिलेत, तुम्हाला दोन वर्षं." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि लेक तिथेच आहे ना तुमची? नुकतीच लागलीय."

मी म्हटलं त्याचा काय संबंध. संबंध आहे हे मला माहीत होतं. दिवसभर एका जमिनीच्या कराराचा अनुवाद केला आणि तो तीनदा तपासला, जणू त्याने काही भरून निघणार होतं.

५ मार्च, सोमवार

शेवटी ठरवलं की आधी वकीलसाहेबांना सांगायचं. पाठीमागून अर्ज करणं मला जमणारं नाही. त्या माणसाने माझ्या मुलीला उभं केलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मध्येच दोन ओळी लिहूनही घेतल्या. मला वाटलं होतं चिडतील, पण म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत. चांगलं केलंत, पहिल्यांदा माझ्याकडे आलात. तुम्ही अर्ज केलात तर तुमच्यावर ठपका येईल. मीच कोर्टाच्या नजरेला आणतो, योग्य वेळ बघून. तुम्ही निश्चिंत राहा. दुसऱ्या कोणाशी मात्र बोलू नका, गोंधळ होतो."

डोक्यावरचा हंडा उतरल्यासारखं वाटलं. आठवड्यानंतर आज दोन वेळा नीट जेवले.

१४ मार्च, बुधवार

अजून काही नाही. कामात असतील.

रोमन शब्दाच्या मागे लागलेय. सरळ उभ्या छापील अक्षरांना रोमन म्हणतात. रोमान्स त्याच्यातूनच आला. रोमकरांची बोली, मग त्या बोलीतली गोष्ट, मग गोष्टीतलं प्रेम. इंग्रजीत भटकण्याला रोम म्हणतात, ते रोमच्या यात्रेला पायी निघणाऱ्यांवरून आलं अशी एक समजूत आहे. कोशकार म्हणतात पुरावा नाही. असता तर बरं झालं असतं. भटकणाऱ्याला निदान एक गाव मिळालं असतं.

कोश बंद केला की सुईणबाईचे गुडघे आठवतात.

२० मार्च, मंगळवार

लेकीशी भांडण झालं. मी तिला आत्तापर्यंत काही सांगितलं नव्हतं, पण आज भाजी निवडताना बोलून गेले. वकीलसाहेब तो अर्ज कधी देणार आहेत, जरा बघशील का?

"कुठला अर्ज?"

सगळं सांगितलं. ती हातातली भाजी तशीच धरून बसली.

"आई, त्या फायलीची तारीखवही माझ्याकडे आहे. असा कुठलाही अर्ज नाही. अपिलाची मुदत उद्या संपते, त्याच्यापुढे त्यांनी स्वतः लाल खूण केलीय. आणि काल पुतण्याला फोनवर म्हणाले, दोन दिवस कळ काढा."

"विसरले असतील."

"ते कोणाचा वाढदिवस विसरत नाहीत." मग तिने विचारलं, "रोमन काढायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच."

"ते वर आले होते ना तुमच्या खोलीत? जानेवारीत? मला नोकरी लागायच्या आदल्या आठवड्यात?"

मी म्हटलं, प्रत्येक चांगल्या माणसात खोट काढायला शिकवलं नव्हतं तुला. ती म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर त्या बायकांच्या वकिलाकडे चल." मी म्हटलं, त्यांनी शब्द दिलाय, उद्याचा दिवस आहे अजून.

ती न जेवता खोलीत गेली.

२२ मार्च, गुरुवार

काल मी गेले नाही. वाट बघितली. चार वेळा जिन्यापाशी जाऊन आले, वकीलसाहेब कोर्टात दिसतात का म्हणून. दिसले. लांबून हात केला त्यांनी. पाच वाजता अपील दाखल करायची खिडकी बंद झाली.

लेक काल एकटी गेली होती, पण मूळ कागद आणि माझं प्रतिज्ञापत्र नसताना त्या वकिलाला काही करता आलं नाही. आज मी गेले, दोन्ही घेऊन. त्याने वाचलं. पहिल्यांदाच त्याला एका जागी बसलेलं पाहिलं. म्हणाला, "बाई, काल का नाही आलात?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

उशीर माफ करण्याचा अर्ज टाकलाय. लेकीने नोकरी सोडली.

५ एप्रिल, गुरुवार

स्थगिती मिळाली नाही. आज कोर्टाचा बेलिफ घर रिकामं करायला आला.

मी रजा टाकून गेले आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. आठ बायकांचं सामान एका हातगाडीत मावलं. एक शिवणयंत्र, दोन पलंग, पातेली, एक पाळणा. एकीच्या कडेवर चार महिन्यांचं मूल होतं. ती विचारत होती की दूध उतू जातंय, तेवढं उतरवू का. बेलिफ बरा माणूस, हो म्हणाला.

सुईणबाई हलेना. दिवाणखान्यातल्या तपासणीच्या टेबलाशेजारी खुर्चीत बसून राहिली. शेवटी दोन पोलीस बायकांनी तिला खुर्चीसकट उचललं. तिने आरडाओरडा केला नाही. दारातून बाहेर येताना फक्त म्हणाली, "हळू. डावा गुडघा."

पुतण्या गाडीतच बसून होता. माझ्याकडे एकदा बघितलं. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं.

१५ एप्रिल, रविवार

सुईणबाईला सरकारी निराधार गृहात ठेवलंय. लांब खोली, वीस खाटा, फिनेलचा वास. मी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती. ओळखलं.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. कॅथलिक म्हणजे सगळ्यांचं."

"मग मी काय सांगत होते?"

"तेच."

"मला लिहिता येत नाही," ती म्हणाली, "म्हणून तुला विचारायला आले."

तासभर बसले.  निघताना तिने ये असंही म्हटलं नाही, येऊ नकोस असंही नाही. दर रविवारी जायचं ठरवलंय.

१२ जून, मंगळवार

आज साक्ष झाली. मी शपथेवर सांगितलं: मूळ शब्द दोन, अनुवादात एक, चूक माझी. फादरही आले होते. त्यांनी बुद्धिबळाची गोष्ट सांगितली तेव्हा न्यायाधीश किंचित हसले.

मग वकीलसाहेब उलटतपासणीला उठले. तोच मऊ आवाज.

"बाई, हा शब्द गाळा असं मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

 बाकावर लेक पुढे वाकून बसली होती. मला त्यांचं वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं मांडण्याचा पगार घेतलाय मी.

"नाही. तुम्ही म्हणालात, तुम्हीच ठरवा."

"आणि कोणी ठरवलं?"

"मी."

"आभारी आहे."

लेक उठून बाहेर गेली. बायकांच्या वकिलाने हातातलं पेन खाली ठेवलं. तेव्हा मला कळलं की मी काय केलं. मी खरं बोलले होते, आणि त्या खऱ्यात जे नव्हतं ते सांगायला मला कोणी विचारलं नाही, मीही आपणहून सांगितलं नाही. ते वर का आले होते, फोन कधी आला, मी पाच मार्चला त्यांच्याकडे गेले होते, हे सगळं तोंडाशी होतं. प्रश्न नव्हता म्हणून उत्तर दिलं नाही.

बाहेर वकीलसाहेब भेटले. म्हणाले, "शपथेची बूज राखलीत. कौतुक वाटतं." आणि लिहिताना लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं.

१३ जुलै, शुक्रवार

आदेश आला. 'अनुवादातील चूक मान्य. कलम दोन व चार यांत रोमन हा शब्द घालावा. कलम सातमध्ये कॅथलिक याऐवजी सर्वांच्या असे वाचावे. वास्तू तिसऱ्या इसमास विकली गेली असून पाडण्यात आली आहे. सबब ताब्याबाबत हस्तक्षेप नाही.' माझ्यावर चौकशी. मोठे साहेब आजारपणाच्या रजेवर गेलेत.

दुरुस्ती माझ्याच हाताने करायची होती. कारकुनाने लाल पेन दिलं. समासात लिहिलं: घर सर्वांच्या उपयोगासाठी ठेवावे. सही केली, तारीख घातली. अक्षर चांगलं आलं.

लेकीला सांगितलं. ती त्या बायकांच्या वकिलाच्या हाताखाली जाते आता. म्हणाली, "आम्ही वरच्या कोर्टात जातोय. तुला पुन्हा बोलावतील." मग थोड्या वेळाने, "या वेळी विचारायची वाट बघू नकोस." महिनाभरात तिने माझ्याशी केलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

१५ जुलै, रविवार

सुईणबाईला आदेश वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला.

"म्हणजे आम्ही परत जायचं?"

"नाही. घर पाडलं."

"मग दुरुस्त काय झालं?"

"कागद."

तिने मान हलवली. रागावली असेल असं वाटलं, पण तिने चादर बाजूला करून पाय पुढे केले. नखं वाढून बोटांत रुतली होती. "मला वाकवत नाही. इथल्या पोरींना वेळ नसतो. कापशील?"

नर्सकडून कात्री आणली, कोमट पाणी आणलं. नखं शिंपल्यासारखी जाड झाली होती, भिजवावी लागली. ती मध्ये मध्ये सांगत होती, तिरकी धर, आत घुसवू नकोस, घाई करू नकोस. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलेली बाई. ती सांगेल तसं मी केलं. उजवा पाय झाला तेवढ्यात जेवणाची घंटा वाजली आणि नर्सने पाणी उचलायला सांगितलं.

डावा राहिलाय.